पद्मटंक घेताय? आधी पाठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओळखीच्या सराफाकडे देवगिरीच्या यादवांचं म्हणून सोन्याचं एक पद्मटंक, म्हणजे कमळाचा छाप असलेलं नाणं, आलं आहे. वजन ३.७२ ग्रॅम. शुद्धता तपासायच्या मशीनवर ९४ टक्के सोनं दाखवतं. सराफ सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट किंमत सांगतो. तुम्ही विचारता की एवढ्या वेड्यावाकड्या नाण्यासाठी लोक जास्तीचे पैसे का मोजतात, आणि मशीनने सोनं खरं ठरवल्यावर नाणं खोटं निघायची काही शक्यता उरते का.

शक्यता उरते, आणि चांगली मोठी उरते. पद्मटंकाची नक्कल करणारा माणूस पितळेवर मुलामा देत बसत नाही. तो खरंच सोनं वापरतो, कारण त्याचा नफा त्या पावणेचार ग्रॅम सोन्यात नसतो, यादवांच्या नावात असतो. तेव्हा सराफाचा दाखला अगदी प्रामाणिक असला तरी तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. सराफाने धातू पाहिला आहे. तुम्हाला घाव पाहायचा आहे, म्हणजे त्या धातूवर हातोडी कशी पडली ते. जास्तीचे पैसे त्या घावाचे आहेत आणि खरेपणाची खूणही त्या घावातच आहे, म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो.

पद्मटंक हे वर-खाली दोन ठशांमध्ये दाबलेलं नाणं नाही. ठरल्या वजनाची सोन्याची चकती घ्यायची आणि तिच्या एकाच बाजूवर छोटे छोटे ठसे एकेक करून हातोडीने मारायचे, असं ते काम. मधोमध कमळ, भोवती ‘श्री’, राजाचं नाव, शंख यांसारखे छाप. रामचंद्राच्या नाण्यावर ‘श्री राम’ वाचता येतं. प्रत्येक घावाबरोबर चकतीचा मधला भाग खाली जातो, कडा वर उचलल्या जातात आणि शेवटी नाणं उथळ वाटीसारखं होतं. मागच्या बाजूला काही उमटवलेलं नसतं, पण ती बाजू सपाटही नसते. पुढून जिथे ठसा बसला तिथे मागे धातू फुगून आलेला असतो. चांगल्या नाण्याचं वजन साधारण ३.७ ते ३.९ ग्रॅमच्या आसपास भरतं. तुमचं ३.७२ त्यात बसतं, पण एवढ्यावर जाऊ नका. वजन जुळवणं नक्कल करणाऱ्याला सर्वांत सोपं असतं.

आता आकर्षण कशाचं ते सांगतो. ठसे तेच असले तरी ते ठेवणारा हात दर वेळी वेगळा पडतो. एका नाण्यावर शंख कमळाला खेटून बसतो, दुसऱ्यावर अर्धा कडेबाहेर जातो, तिसऱ्यावर राजाचं नाव कमळाच्या पाकळीवर चढतं. सगळे छाप अगदी त्याच जागी, त्याच तिरपेपणाने बसलेली दोन पद्मटंकं तुम्हाला मिळणार नाहीत. यंत्रावरच्या नाण्यात ही गोष्ट नाही. शिवाय सोनं गंजत नाही. चांदी काळवंडते, तांब्याला मातीत हिरवी पुटं चढतात, त्यांचा वरचा थर खाल्ला जातो. सोन्यावर मात्र ठशाची धार, चकतीला गेलेली बारीक चीर, ठसा किंचित सरकल्याची खूण, सगळं जसंच्या तसं राहतं. सातशे वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या हाताचं काम इतक्या स्वच्छपणे दाखवणाऱ्या वस्तू फार थोड्या आहेत.

मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्राचं नाव येतं, तोच हा नाण्यावरचा ‘श्री राम’. शके १२१२, म्हणजे १२९० साली ती पूर्ण झाली तेव्हा तो गादीवर होता. हेमाद्री पंडित रामचंद्राच्या आणि त्याच्या आधीच्या राजा महादेवाच्या पदरी होते. पुढे १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली आणि सोनं उत्तरेला गेलं. वितळवण्यातून वाचलेलं प्रत्येक पद्मटंक त्या यादवांच्या देवगिरीचं आहे. मला हे नाणं मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्याच्या नकला विकल्या जाताना पाहून राग येतो.

तपासायला दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घ्या आणि टेबलावरचा दिवा नाण्याच्या एका बाजूला, खाली, तिरका लावा. वरून पडणाऱ्या उजेडात सोन्यावर काही कळत नाही, सगळं चकाकतं.

नाणं आधी उलटं करा. नवशिका माणूस कमळ बघत बसतो. मी पाठ बघतो, कारण नक्कल करणाऱ्याची मेहनत पुढच्या बाजूवर गेलेली असते. पुढे जेवढे छाप आहेत तेवढे उंचवटे मागे शोधा. मग एकच छाप निवडा, समजा ‘श्री’. हाताने धरलेला ठसा सहसा अगदी उभा पडत नाही, थोडा कलतो. त्यामुळे ‘श्री’ची एक बाजू खोल आणि दुसरी उथळ असते. समजा डावी बाजू खोल आहे. नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवून मागून पाहिलं, तर तिथला फुगवटा उजवीकडे जास्त उठलेला दिसायला हवा. दोन-तीन छापांवर हे ताडून पाहा. प्रेसखाली दाबून केलेल्या नकलेत सगळे छाप एकाच दाबाने, सारख्याच खोलीचे उतरलेले असतात आणि मागचे उंचवटे एक तर नसतात, नाही तर पुढच्या छापांशी त्यांचा काही मेळ नसतो.

पाठ पटली की छापांचा क्रम लावा. दोन छाप एकमेकांना जिथे भिडतात तिथे नंतर पडलेला ठसा आधीच्या छापाची रेघ मोडतो. ती रेघ ढकलली जाते, वाकते, कधी बुजते. खऱ्या नाण्यावर भिंगाखाली तुम्ही म्हणू शकता की हा छाप आधीचा, हा त्याच्यावर पडलेला. नकलेत अनेकदा दोन छापांच्या मधली जागा गुळगुळीत असते, कुणी कुणाला ढकललेलं नसतं. चित्र सगळं आहे, घटना मात्र घडलेली नाही.

ओतीव नकलेला वरच्या दोन्ही परीक्षा पुरत नाहीत, हे लक्षात घ्या. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलं असेल तर पुढचे-मागचे छाप जुळतात, कलही जुळतो आणि क्रमही दिसतो, कारण तो मूळ नाण्यातून आलेला असतो. तिथे पृष्ठभाग बोलतो. छापांच्या कडा गोलसर, साबणाची वडी थोडी वापरल्यावर तिच्यावरची अक्षरं होतात तशा दिसतात. खोलगट कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ओतताना अडकलेल्या हवेचे ते असतात आणि बहुतेक गोल असतात. सोनं थंड होताना आकसत असल्यामुळे नक्कल मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान भरते. कडेवर साच्याचा सांधा असतो, तो घालवायला कड सगळीकडून कानशीने घासलेली असते. म्हणून कड गोल फिरवून नीट बघा. एकाच जागी घासलेलं असेल तर ते बहुधा माळेत ओवायला लावलेली कडी काढल्याचं असतं, त्याविषयी पुढे सांगतो. सगळ्या घेरावर कानशीच्या रेघा असतील तर मी नाणं परत करतो.

सगळ्यांत पक्की परीक्षा जुळ्याची. लिलावांच्या जुन्या सूचींमधली, संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली जेवढी पद्मटंकं सापडतील तेवढी बघा आणि तुमच्या नाण्याशी ताडा. छापांची जागा, कल आणि चकतीचा घेर, तिन्ही जुळणारं दुसरं नाणं सापडलं तर त्या दोघांपैकी किमान एक खोटं आहे, आणि बऱ्याचदा दोन्ही एका तिसऱ्या नाण्यावरून केलेली असतात. ही परीक्षा सगळ्या नाण्यांना सरसकट लावू नका. विजयनगरचा वराह घ्या: साधारण ३.४ ग्रॅमचा, लहान आणि जाड, पुढे उमा-महेश्वर किंवा बाळकृष्ण आणि मागे नागरीत ‘श्री प्रताप कृष्णराय’ अशा ओळी. तो दोन ठशांमध्ये धरून हातोडीने पाडलेला असतो. एका ठशाची अनेक खरी वराहं असणारच, चित्र तंतोतंत सारखं असणं तिथे दोष नाही. तिथे चकतीचा आकार, चित्र कुठे सरकलं आहे, कडेच्या चिरा कुठे आहेत, ते वेगळं हवं. पद्मटंकात मात्र चित्राची मांडणीच वेगळी हवी.

आता धातू. मशीनचा आकडा निरुपयोगी नाही, फक्त त्याला नीट प्रश्न विचारायला हवा. हे मशीन वरचा पातळ थर वाचतं, गाभा नाही. तेव्हा सोनं किती हे विचारून थांबू नका, उरलेल्या सहा टक्क्यांत काय आहे ते छापून घ्या. चांदी आणि तांबं यांचं मिश्रण अपेक्षित आहे. कॅडमियम दिसलं तर सावध व्हा. केडीएमच्या दागिन्यांमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. तो धातू १८१७ मध्ये शोधला गेला, यादवांच्या सोन्यात त्याचं काम नाही. कडी जोडलेल्या जागी तो दिसणं समजू शकतं, कारण ती जोड अलीकडची असते. नाण्याच्या मध्यावर, कमळावर दिसला तर विषय संपला. आणि आकडा नेमका ९१.६ येऊन बाकी सगळं तांबं-चांदी आजच्या दागिन्यासारखं ठरावीक निघालं, तर ते आजच्या बावीस कॅरेटचं सोनं असण्याचा संशय धरावा.

गाभ्यासाठी घनता काढा. घरी जमतं, पण काटा हजारांश ग्रॅमचा हवा. छोटा प्लास्टिकचा पेला अर्धा पाण्याने भरून काट्यावर ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं धरा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेलं पाणी. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ९४ टक्के सोनं आणि बाकी चांदी-तांबं असेल तर घनता १८.२ ते १८.४ यायला हवी, म्हणजे ३.७२ ग्रॅमच्या नाण्याला काटा ०.२०२ ते ०.२०४ दाखवेल. ०.२२५ दाखवला तर घनता साडेसोळावर आली: एक तर आतलं सोनं बाहेरच्यापेक्षा हलकं आहे किंवा ओतीव नाण्यात पोकळ्या राहिल्या आहेत.

यात दोन ठिकाणी चूक होते. शतांश ग्रॅमच्या काट्यावर तोच आकडा ०.१९ ते ०.२१ यांपैकी काहीही दिसू शकतो आणि घनता १७.७ ते १९.६ यांमध्ये कुठेही निघते, त्यातून काहीच ठरत नाही. दुसरं, वाटीचा आकार असल्यामुळे नाणं पालथं बुडवलं की आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि चांगलं नाणं हलकं ठरतं. नाणं उभं, कडेवर लटकवा. तीन वेळा मोजा. आणि कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, एवढ्याशा नाण्यावर तो ओरखडा कायमचा राहतो.

कडीबद्दल. आपल्याकडे सोन्याची नाणी माळेत गेली, हे इतिहासाचाच भाग आहे. पुतळ्यांची माळ आठवा. त्यातली मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट, १२८४ पासून पाडलं जाऊ लागलेलं साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं. तेही हातोडीचंच, आणि रामचंद्राच्या काळातलं. समुद्रमार्गे इथे इतकं आलं की त्याच्या नकला इथेच होऊ लागल्या. पद्मटंकांनाही कड्या लागल्या, भोकं पडली, नंतर कुणीतरी ती बुजवली. असं नाणं खोटं नसतं, फक्त त्याची किंमत अखंड नाण्याच्या मानाने बरीच कमी हवी. बुजवलेलं भोक समोरून ओळखता येत नाही. मागून, तिरक्या उजेडात, रंगाचा एक गोल ठिपका दिसतो. भोक पडलेलं नाणं प्रामाणिकपणे भोकासकट विकणारा विक्रेता मला बुजवून विकणाऱ्यापेक्षा केव्हाही चालतो. वाटी हातोडीने सपाट केलेलं नाणंही येतं. ते सर्वांत वाईट, कारण त्यात मूळ घावच पुसला गेलेला असतो.

किंमत योग्य आहे का, हे नाणं न पाहता कुणीही सांगू नये. राजाचं नाव पूर्ण वाचता येतं का, यावर सर्वांत जास्त अवलंबून आहे. कमळ सुंदर पण नाव कडेबाहेर गेलेलं, अशा नाण्याला नाव स्पष्ट असलेल्याच्या बरोबरीने पैसे देऊ नका. रामचंद्राने चाळीस वर्षं राज्य केलं, त्याची नाणी तुलनेने जास्त दिसतात, तेव्हा ‘अतिदुर्मीळ’ या शब्दाला त्याच्या बाबतीत फार भुलू नका. नाणं आधी कुणाच्या संग्रहात होतं, कोणत्या लिलावात कधी विकलं गेलं याचा छापील पुरावा असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. त्या पुराव्यात फोटो असेल आणि छापांच्या जागा तुमच्या नाण्याशी जुळत असतील, तर ते नाणं तेच आहे. एरवी जुळणी वाईट, इथे मात्र तीच हवी.

कायद्याचं थोडक्यात पण गंभीरपणे घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलीला अमेरिकेत भेट म्हणून पाठवू, असा विचार असेल तर आत्ताच सोडा. आणि सराफ म्हणाला की शेत नांगरताना सापडलेलं आहे, तर तिथेच थांबा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. असं नाणं गुपचूप घेणं बेकायदेशीर तर आहेच, शिवाय कुठल्या गावी, कुठल्या भांड्यात, कोणत्या नाण्यांबरोबर ते निघालं ही माहिती कायमची जाते, आणि यादवांच्या अर्थव्यवस्थेबद्दल आपल्याला जे कळतं ते अशा माहितीतूनच.

तुमचं हे पहिलंच सोन्याचं नाणं दिसतं, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: या सराफाला आठवडाभर थांबायला सांगा. तेवढ्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात जा, नाशिककडे असाल तर त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संस्थेत आधी विचारून जा. काचेआडची का होईना, हातोडीची खरी सोन्याची नाणी डोळ्यांत बसू द्या. बजेट ताणलं जात असेल तर पद्मटंकाने सुरुवात करूच नका. दक्षिणेतले सोन्याचे फणम अर्ध्या ग्रॅमहून हलके असतात, अर्धा वराह १.७ ग्रॅमच्या आसपास असतो. तिथे चुकलात तरी फटका सोसण्याजोगा असतो आणि डोळा तोच तयार होतो.

घ्यायचं ठरलं तर बिलावर ‘जुनं सोनं’ एवढंच लिहून घेऊ नका. राजाचं नाव, वजन हजारांशापर्यंत, दोन्ही बाजूंचा फोटो आणि ‘खोटं ठरल्यास पूर्ण पैसे परत’ ही ओळ हवी, मुदतीसकट. ही ओळ लिहायला नकार देणाऱ्याकडून मी घेत नाही, मग नाणं कितीही देखणं असो. उजळून देऊ का, असं सराफाने विचारलं तर ठाम नाही म्हणा. उजळताना तेजाब आणि ब्रश यांनी ठशाची धार बोथट होते, जिच्यासाठी तुम्ही पैसे दिले तीच. माती असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात एक दिवस बुडवून ठेवा, मऊ कापडाने टिपा, घासू नका. ठेवताना पिन मारायची पुठ्ठ्याची चौकट वापरू नका. वाटीच्या आकाराचं नाणं तिच्यात दाबलं जातं आणि कडेची जुनी चीर वाढते. खोलगट गोल डबी घ्या, आत मऊ कडं असलेली, आणि नाणं नेहमी कडेला धरून उचला.

आणखी मत हवं असेल तर तीन फोटो काढा: मागची बाजू, पुढची बाजू आणि कड, तिन्ही तिरक्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. मागच्या बाजूचा सर्वांत आधी पाठवा.